टर्बाइन व्हेंटिलेटर आणि अकरा किलोचं मूल : खानदेशातल्या छोट्या बाल आयसीयूसाठी परीक्षण

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात तालुक्याच्या गावी दोन-चार खाटांचा बाल आयसीयू चालवणाऱ्यांसमोर विक्रेता श्वास देणारं जे यंत्र (व्हेंटिलेटर) आणून ठेवतो, ते बहुतेक वेळा एकाच ढाच्याचं असतं. आत हवा ढकलणारा पंखा म्हणजे टर्बाइन, वर टचस्क्रीन, पडद्यावर ‘प्रौढ’ आणि ‘बालक’ अशी बटणं, आणि जादा पैसे मोजले तर ‘नवजात’. कंपनी वेगळी, रंग वेगळा, पोटातलं गणित तेच. म्हणून इथे एका कंपनीचं नाव न घेता या जातीच्या यंत्राचं परीक्षण केलं आहे, आणि तेही एकाच अंगाने : श्वासनळीत नुकतीच ट्यूब टाकलेल्या मुलाला ते पहिल्या अर्ध्या तासात कसं सांभाळतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. यंत्र कामाचं आहे, घ्यायला हरकत नाही. पण खोक्यातून जे सामान निघतं तेवढ्यावर मूल लावू नये. ‘बालक’ बटणाने पडद्यावरचे आकडे आणि अलार्मच्या मर्यादा बदलतात. नळ्या, फिल्टर आणि सेन्सर बदलत नाहीत. ते आपल्यालाच बदलावे लागतात, आणि नेमकं तेच सामान कोटेशनमध्ये नसतं.

टर्बाइनचा मोठा फायदा म्हणजे दाबाखालची हवा लागत नाही. कॉम्प्रेसरची खोली नको, त्याच्या टाकीतलं पाणी काढायची कटकट नको. यंत्र खोलीतली हवा ओढतं आणि ऑक्सिजन तेवढा मॅनिफोल्डवरून (अनेक सिलेंडरांच्या सामाईक जोडणीवरून) किंवा सिलेंडरवरून घेतं. ऑक्सिजन किती खातं हा प्रश्न मात्र विक्रेत्याला नक्की विचारावा, कारण मुलाच्या बाबतीत खप श्वासांवरून ठरत नाही. अकरा किलोच्या मुलाचे श्वास मिनिटाला जेमतेम दोन लिटर होतात. वरचा सगळा खप यंत्राच्या सतत वाहत्या प्रवाहाचा असतो. एकूण प्रवाह मिनिटाला ८ लिटर धरला, तर १०० टक्क्यांवर १५०० लिटरचा बी टाइप सिलेंडर तीन तासांत संपतो आणि ७००० लिटरचा जंबो साडेचौदा तासांत. एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजनचा टक्का) ५० टक्क्यांवर आणली की शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला तीन लिटरच्या आसपास लागतो, आणि तोच बी टाइप आठ-साडेआठ तास पुरतो. धडगावहून चांदसैली घाट उतरून मूल खाली न्यायचं असेल तर हा हिशोब निघण्याआधी कागदावर हवा. सतत प्रवाह कमी करायची सोय ज्या मॉडेलमध्ये आहे ते अशा कामाला उजवं.

मागच्या बाजूला कमी दाबाचं एक तोंडही असतं. तिथे कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) जोडता येतो, पण मग पडद्यावर ६० टक्के मागितले म्हणून ६० टक्के मिळतील असं नाही. मूल किती हवा घेतं त्यावर टक्केवारी खालीवर होते. अडल्या वेळेची सोय, एवढंच तिचं स्थान.

सर्किट आणि फिल्टर

या यंत्राबरोबर येतं ते २२ मिलिमीटरचं प्रौढांचं सर्किट, म्हणजे नळ्यांचा संच. मुलाला १५ मिलिमीटरचं हवं, आणि पाच किलोच्या आतल्या बाळाला १० मिलिमीटरचं. हा नुसता सुटसुटीतपणाचा प्रश्न नाही. नळी दाबाखाली फुगते, आतली हवा दबते, आणि तेवढी हवा छातीपर्यंत पोचतच नाही. प्रौढ सर्किट ह्युमिडिफायरसकट (हवा गरम आणि ओलसर करणाऱ्या भांड्यासकट) दर सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला दोनेक मिलिलिटर गिळतं. सहा किलोच्या बाळाला पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ५ आणि वरचा दाब २० ठेवला, तर फरक १५ चा, म्हणजे ३० मिलिलिटर नळीतच राहिले. त्या बाळाला हवेत ३६ ते ४८. यंत्र नळीची भरपाई करतं हे खरं, पण सुरू करण्याआधीची चाचणी त्याच सर्किटवर, ह्युमिडिफायर जोडून केली असेल तरच. चाचणी एका सर्किटवर आणि मूल दुसऱ्यावर, असं झालं की भरपाईचा आकडा चुकला.

फिल्टरचं तर विचारूच नका. प्रौढांचा एचएमई फिल्टर (श्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवणारा) आतून पन्नासेक मिलिलिटर जागा अडवतो. अकरा किलोच्या मुलाचा श्वास ६६ ते ८८ मिलिलिटरचा. त्यातले पन्नास फिल्टरमध्येच मागेपुढे होत राहिले तर कार्बन डायऑक्साइड चढतच जाणार, आणि सेटिंग कितीही वाढवलं तरी उतरणार नाही. फिल्टरच्या पाकिटावर त्याची आतली जागा आणि किती मिलिलिटर श्वासासाठी तो आहे हे छापलेलं असतं. घेताना ते वाचावं. वायपासून (दोन्ही नळ्या मिळतात त्या जोडापासून) ट्यूबपर्यंत फिल्टर, कोपर, कॅप्नोग्राफचा (बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा) अडॅप्टर, क्लोज्ड सक्शन (नळी न सोडवता स्राव ओढायची सोय) अशी आगगाडी लावायची सवय प्रौढ आयसीयूतून येते. मुलाच्या बाबतीत प्रत्येक डबा मोजून लावायचा.

आणखी एक. गरम ह्युमिडिफायर चालू असेल तर एचएमई लावायचा नाही. तो भिजतो, जड होतो, रोध वाढतो, आणि मग ‘प्रेशर हाय’ का येतंय म्हणून ट्यूबवर संशय घेतला जातो. श्वास बाहेर पडतो त्या बाजूचा फिल्टर ठेवावा, पण तोही ओला होतो. नेब्युलायझेशननंतर तर तो हमखास तपासावा.

मूल लावताना

मूल अंबूवर (हाताने दाबायच्या पिशवीवर) असतानाच यंत्र तयार व्हायला हवं. सुरू करताना यंत्र ‘मागचा रुग्ण’ की ‘नवा रुग्ण’ असं विचारतं. घाईत मागचा दाबला आणि मागचा रुग्ण प्रौढ असला, तर ४५० मिलिलिटरचं सेटिंग तयारच असतं. म्हणून नवा रुग्ण, वजन, उंची, आणि मूल जोडण्याआधी सगळ्यात पहिल्यांदा दाबाची वरची मर्यादा ३० वर. बाकी काही चुकलं तरी ही मर्यादा श्वास मध्येच तोडते. मग सर्किटची गळती चाचणी, ऑक्सिजन सेलची (ऑक्सिजनचा टक्का मोजणाऱ्या भागाची) तपासणी, प्रवाह मोजणाऱ्या फ्लो सेन्सरचं शून्य जुळवणं, आणि टेस्ट लंगवर (फुप्फुसाच्या जागी लावायच्या फुग्यावर) दोन मिनिटं. टेस्ट लंगही लहान मुलाचा हवा. प्रौढांच्या रबरी फुग्यावर ७० मिलिलिटर दिले तर काहीच कळत नाही.

वजनाबद्दल. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणारं मूल पुष्कळदा वाळलेलं असतं, कधी अंगावर सूज असते आणि काटा खोटं बोलतो. फुप्फुस मांसावर वाढत नाही, उंचीवर वाढतं. टेप लावून लांबी मोजावी, त्या लांबीला साजेसं वजन धरावं, आणि सुरुवात किलोमागे ६ मिलिलिटरने करून छाती किती उचलते ते पाहून पुढे जावं. अंगाने जाड मुलालाही हाच नियम.

दोन वर्षांचं, अकरा किलोचं, न्यूमोनियाचं मूल धरू. कफवाली (टोकाजवळ हवा भरायचं फुग्याचं कडं असलेली) ट्यूब ४.० मिलिमीटरची, ओठाशी १२ ते १३ सेंटिमीटर, कफचा दाब २० ते २५ सेंटिमीटर पाणी. प्रेशर कंट्रोल, म्हणजे दाब आपण ठरवायचा. पीप ५, श्वासाचा दर मिनिटाला २५, श्वास आत घ्यायची वेळ ०.६ ते ०.७ सेकंद, एफआयओटू १०० टक्के. वरचा दाब पीपच्या वर १० ते १२ ने सुरू करून बाहेर येणारा श्वास ६६ ते ८८ मिलिलिटर होईल असा जमवावा. आकडा आत जाणाऱ्याचा नाही, बाहेर येणाऱ्याचा बघायचा. आत ८० आणि बाहेर ५५ दिसले तर गळती तीस टक्क्यांच्या वर आहे. अशा वेळी व्हॉल्यूम कंट्रोल (ठरलेले मिलिलिटर देणारी पद्धत) लावण्यात अर्थ नाही, आधी कफ आणि ट्यूब बघावी.

इथेच या जातीच्या यंत्रांचा सगळ्यात वाईट गोंधळ आहे. काही मॉडेलमध्ये दाबाचा आकडा पीपच्या वरचा असतो, काहींमध्ये शून्यापासूनचा. पहिल्या प्रकारात १८ टाकलं तर मुलाला २३ बसतात. दुसऱ्यात १८ म्हणजे १८, आणि पीप ८ केली तर श्वासाला उरतात फक्त १०. एकाच वॉर्डात दोन प्रकारची यंत्रं असतील तर रात्रपाळीत हे चुकणारच. प्रत्येक यंत्राच्या कपाळावर मोठ्या मराठी अक्षरांत पट्टी चिकटवावी : ‘इथला दाब पीपच्या वरचा’ किंवा ‘इथला दाब पीपसकट’. दहा रुपयांचं काम.

छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलते का, पोट फुगलंय का (नाकातून पोटात नळी टाकून हवा काढली की दाब दोन-तीनने उतरलेला दिसतो), कॅप्नोग्राफची रेघ चौकोनी येते का, हे झालं की ऑक्सिजन खाली आणायचा. सॅच्युरेशन ९२ ते ९७ पुरे. शंभरवर शंभर ठेवून रात्र काढायची सवय मोडायला हवी. तिने फुप्फुसालाही त्रास होतो आणि सिलेंडरही जातात. एफआयओटू ६० च्या खाली येत नसेल तर पीप दोन-दोनने वाढवावी, प्लॅटो (श्वास आत भरून क्षणभर थांबवल्यावरचा दाब) २८ च्या वर आणि प्लॅटो-पीपमधला फरक १५ च्या वर जाऊ देऊ नये. अर्ध्या तासाने रक्तातल्या वायूंची तपासणी, आणि एक्स-रे. एक्स-रेत मान कशी होती हेही लिहून ठेवावं, कारण हनुवटी छातीकडे गेली की ट्यूबचं टोक खाली सरकतं आणि मान ताणली की वर येतं. दोन वर्षांच्या मुलात तेवढ्याने उजव्या बाजूला जाणं किंवा सुटणं दोन्ही होऊ शकतं.

ट्रिगर, म्हणजे मुलाने किती हवा ओढली की यंत्राने श्वास द्यायचा तो आकडा. माहितीपत्रकात मिनिटाला ०.५ लिटर छापलेलं असतं, पण वायजवळ सेन्सर नसेल तर एवढ्या नाजूक ट्रिगरवर नळीतलं पाणी हललं तरी यंत्र श्वास देतं. ओळखायची खूण सोपी : मुलाला व्हेक्युरोनियम (स्नायू ढिले करून स्वतःचा श्वास थांबवणारं औषध) दिलेलं आहे, दर २५ लावला आहे आणि पडद्यावर ३८ दिसतात. मूल श्वास घेत नाहीये, पाणी घेतंय. पाणी काढा, मग ट्रिगर १ वर आणा. दाब चढायचा वेळही अगदी शून्यावर ठेवू नये. बारीक ट्यूबमध्ये टर्बाइनचा पहिला झटका दाबाच्या रेघेवर शिंगासारखा उभा राहतो, ०.१ ते ०.२ सेकंद केलं की शिंग जातं.

ब्रॉन्किओलायटिस (बारीक श्वासनलिकांची सूज) आणि दम्याच्या मुलाला यातलं बरंच उलटं. दर कमी, बाहेर सोडायला वेळ जास्त, आणि प्रवाहाची रेघ पुढच्या श्वासाआधी शून्याला टेकते का ते बघायचं. टेकत नसेल तर छातीत हवा साठते आहे. दर वाढवला की आणखी साठेल. रक्ताचा पीएच ७.२० च्या वर असेल तर कार्बन डायऑक्साइड थोडा चढा सहन करावा. पडद्यावर श्वास सोडताना थांबवायची कळ आहे का, हे घेण्याआधी तपासावं. साठलेला दाब मोजायला तीच लागते.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावते आणि विषाने स्नायू लुळे पडतात, तेव्हा फुप्फुस चांगलं असतं आणि सेटिंग सोपं : ६ ते ८ मिलिलिटर, पीप ५, ऑक्सिजन २५-३० टक्के. फक्त पापणी उघडता येत नाही म्हणून ते बेशुद्ध आहे असं धरू नये. त्याला ऐकू येत असतं. झोपेचं औषध द्यावं आणि खाटेशी जपून बोलावं. कपाशीवरच्या फवारणीचं औषध पोटात गेलेल्या मुलात उलट स्राव एवढा असतो की एचएमई तासाभरात चोंदतो. तिथे गरम ह्युमिडिफायरच.

मे महिन्याची परीक्षा

यंत्राच्या पुस्तिकेत कामाचं तापमान बहुधा ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं, लाइट गेली की एसी बंद, जनरेटरवर फक्त पंखे. टर्बाइन हीच हवा ओढतं आणि स्वतःची ऊब तिच्यात घालतं. ह्युमिडिफायरच्या भांड्यात शिरते तेव्हाच ती ३७ च्या आसपास असते. बाहेर पडणारी हवा ३७ असल्याचं दिसलं की तापवायचं काम झालं असं यंत्राला वाटतं, भांड्याखालच्या तव्याला आच कमी मिळते, पाण्याची वाफ होत नाही. पडद्यावर ३७ अंश, मुलाला मात्र कोरडी हवा. सहा-आठ तासांत स्राव घट्ट होतो आणि ३.५ ची ट्यूब आतून चोंदते.

पडदा हे सांगणार नाही, भांडं सांगतं. भांड्याच्या भिंतीवर आतून दव दिसायला हवं आणि ट्यूबजवळच्या नळीत बारीक थेंब. भिंत कोरडी ठणठणीत असेल तर आकडा काहीही असो, वाफ नाही. उपाय एकच, खोलीचं तापमान खाली. एसी जनरेटरच्या लोडवर घ्यावाच लागतो, आणि यंत्राची हवा ओढायची बाजू पश्चिमेच्या भिंतीला किंवा स्टॅबिलायझरच्या गरम तोंडाला लावू नये. वायजवळचा तापमानाचा सेन्सर रेडिअंट वॉर्मरखाली (बाळाला वरून ऊब देणाऱ्या हीटरखाली) उघडा राहिला तर हीच फसवणूक दुसऱ्या वाटेने होते. त्याच्यावर चकचकीत पट्टी झाकण म्हणून लावावी. भांड्यात निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर. सलाइन नाही, जारचं पाणी तर नाहीच.

मागचा हवेचा फिल्टर हा या यंत्राचा दुखरा भाग. पुस्तिकेत स्वच्छतेची जी मुदत आहे ती दिल्ली-मुंबईच्या बंद आयसीयूसाठी. वैशाखातली धूळ आणि दिवाळीनंतर जिनिंगजवळच्या गावांत उडणारी कापसाची तुसं, दोन्हींना ती पुरत नाही. दर आठवड्याला काढून उजेडाकडे धरून बघावा. टर्बाइनचा आवाज चढला असेल तर आधी इथे बघावं, मग इंजिनिअरला फोन.

ऑक्सिजन सेलही उष्णतेने लवकर म्हातारा होतो. दीड-दोन वर्षं चालणारा सेल इथे आधीच डगमगायला लागतो, आणि तो कपाटात ठेवला तरी झिजतच असतो, म्हणून तीन एकदम घेऊन ठेवण्यात शहाणपण नाही. शंभर टक्क्यांवर पडदा ८८ दाखवत असेल तर आधी कॅलिब्रेशन, तरीही तेच तर नवा सेल. पॅरामॅग्नेटिक सेन्सरचं मॉडेल महाग पडतं, पण ही भानगड त्यात नाही. बॅटरीचे ‘चार तास’ नव्या बॅटरीचे असतात. दर महिन्याला टेस्ट लंगवर प्लग काढून खरोखर किती वेळ चालते ते घड्याळ लावून बघावं आणि यंत्रावर तारखेसकट लिहावं.

अलार्म

अलार्मची रचना चांगली आहे, आवाजही मोठा आहे, पण एका गोष्टीत ती मुलांसाठी फसवी ठरते. ट्यूब ३.० किंवा ३.५ ची असेल आणि ती घशातून निसटून बाहेर आली, तरी बारीक ट्यूबचा रोध एवढा असतो की यंत्राला दाब तयार झालेला दिसतो. कमी दाबाचा अलार्म वाजतच नाही. म्हणून खरी मदार बाहेर येणाऱ्या श्वासाच्या अलार्मवर आणि कॅप्नोग्राफवर. मिनिटाच्या श्वासाची खालची मर्यादा चालू आकड्याच्या फार तर पाव भाग खाली ठेवावी. कारखान्यातून आलेली मर्यादा इतकी सैल असते की अर्धा श्वास गेला तरी यंत्र गप्प. उन्हाळ्यात घामाने ट्यूबची चिकटपट्टी सुटते, तेव्हा ही गोष्ट कागदावरची राहत नाही.

सॅच्युरेशन पडलं की पडद्याशी खेळत बसायचं नाही. यंत्र काढा, १०० टक्के ऑक्सिजनवर अंबू लावा. अंबूवर मूल सुधारलं तर दोष यंत्रात किंवा नळीत. नाही सुधारलं तर ट्यूब सरकली, ट्यूब चोंदली किंवा छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठली (न्यूमोथोरॅक्स), या क्रमाने बघा. सक्शनची नळी ट्यूबच्या आकड्याच्या दुप्पट फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप), म्हणजे ४.० ला ८. मापाचा अंबू आणि मास्क यंत्राच्या दांडीलाच टांगलेला असावा. आणि सक्शननंतर यंत्र ‘स्टँडबाय’मधून (श्वास देणं थांबवलेल्या स्थितीतून) बाहेर काढलं का, हे सिस्टरने मोठ्याने बोलून सांगायची पद्धत लावावी. काही यंत्रं स्टँडबायमध्ये मूल जोडलं तर ओरडतात, काही नाही. हाही घेण्याआधी विचारायचा प्रश्न.

श्वास बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह ऑटोक्लेव्ह होतो, हा मोठा गुण. त्यातली सिलिकॉनची चकती मात्र उलटी बसू शकते. कड नीट खाचेत न बसता एका बाजूने उचललेली राहिली तर पीप टिकत नाही आणि गळती चाचणी पुन्हापुन्हा नापास होते. ओली चकती बसवली तरी तेच. एक जादा चकती आणि एक जादा फ्लो सेन्सर जवळ ठेवाच; नाशिक-पुण्याहून सुटा भाग येईपर्यंत मूल थांबत नाही.

सर्व्हिस करार करताना टर्बाइन, बॅटरी आणि ऑक्सिजन सेल त्यात आहेत का हे एकेक नाव घेऊन लिहून घ्यावं. बहुतेक करारांत हेच तिन्ही ‘कन्झ्युमेबल’ म्हणून बाहेर ठेवलेले असतात. १५ मिलिमीटरची दोन सर्किटं, लहान मुलाचा टेस्ट लंग आणि वायजवळचा सेन्सर ऑर्डरमध्येच घालावा. नंतर वेगळा मागवला की दर वेगळा लागतो. नवजात बाळासाठी हे यंत्र घेऊ नये, निदान तो पर्याय आणि त्याचा सेन्सर सोबत नसेल तर. श्वासाची खालची मर्यादा २० मिलिलिटर असेल, तर किलोमागे ६ च्या हिशोबाने सव्वातीन किलोच्या खालचं बाळ बसतच नाही, आणि ज्या मॉडेलची मर्यादा ५० आहे ते आठ किलोच्या आत हात लावायच्या लायकीचं नाही.

डेमोला विक्रेता स्वतःचा मोठा फुगा घेऊन येतो आणि ५०० मिलिलिटरवर सगळं झकास चालवून दाखवतो. आपला लहान टेस्ट लंग, ३.५ ची ट्यूब आणि १५ मिलिमीटरचं सर्किट लावायला सांगा, ५० मिलिलिटर मागा. चालू असताना वायरचा प्लग काढा, मग ऑक्सिजनची नळी काढा, मग ट्यूब टेस्ट लंगमधून उपसून उघडी सोडा, आणि तिन्ही वेळा अलार्म किती सेकंदांनी वाजतो ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा.